इतिवृत्त

अक्षर बरं म्हणून वही माझ्याकडे.
सावदा, विहार, रविवार, संध्याकाळी सात.
(वाजले आठ. बाया यायच्या होत्या.
बाया मागच्या मोकळ्या जागेत पऱ्हाट्या पेटवून
सभेच्याच जेवणाची वांगी भाजत होत्या.)

विषय एक : मागील इतिवृत्त वाचून कायम करणे. कायम.
विषय दोन : जयंतीची वर्गणी, घरटी दोनशे.
विषय तीन पत्रिकेत नव्हता.
तो गोदा तायडे उभी राहिली तेव्हा झाला,
हाताला राख, पदराला धूर.
म्हणाली, बायांची सभा आता वेगळी भरेल.
मंगळवारी. इथंच. किल्ली पाहिजे.

पंखा तेवढा फिरत राहिला.

हिरामणभाऊ मेढे शांत बोलतात.
स्मशानाच्या रस्त्यासाठी तेरा दिवस आत होते,
तिथंही शांतच होते म्हणतात.
सगळे त्यांना भाऊ म्हणतात. मीही. घरीसुद्धा.
त्यांचं म्हणणं शब्दशः उतरवलं :
"आधीच आपण मूठभर. मूठ उघडली की नुसती बोटं.
बाहेरचे टपलेले आहेत. म्हणतील, बघा,
यांच्या बायाच यांच्यावर उठल्या.
आपली पोरं उचलायला ठाण्याला
तसंही कारण लागत नाही."

हे खोटं नाही.
आमच्या प्रसेनला पोळ्याच्या रात्री उचललं होतं.
रात्रभर ठाण्याच्या पायरीवर कोण बसलं, तेही खोटं नाही :
अकरा बाया आणि एक चिवड्याची पुडी.
ते कुठल्याच इतिवृत्तात नाही.
त्या रात्रीला अध्यक्ष नव्हता.

गोदा म्हणाली, मूठ म्हणता ना भाऊ,
मूठ आमच्या ओळखीची आहे.
कोणत्या घरी कोणत्या वारी वळते
ते गल्लीला भिंतीतून ऐकू येतं.

माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.
एकानंही नाही.
त्यावरून मला कळलं.

मग गलका. घरचं घरात. चव्हाटा.
हिले शिकवलं कोनं.
आणि मागून कोणीतरी, मायेनंच :
"हे लिहू नको गं पोरी."
पान एकोणचाळीस. तिथं एक ओळ कोरी आहे.

मला वाटलं गोदाला बायाच धरतील.
तर कौतिकाबाई उठल्या, सत्तरीच्या, भिंतीला धरून :
"मार खाल्ला मी. हाड मोडलं, हे पाहा, वाकडं जुळलं.
पन विहिरीवर गोटे आले तवा
तोच आडवा झाला मह्या अंगावर.
आता त्याचं नाव तुमच्या वहीत कसं टाकू?
मेला तो. दोन्ही घेऊन मेला."
आणि खाली बसताना, कोणालाच नाही असं :
"मंगळवारी येईन मी. बोलनार नाही."

मी समासात लिहिलं होतं :
उद्या सहाला याच बाया केळीच्या गाडीवर.
घडाच्या फण्या सोडवतात, मधे कागद घालतात,
एकमेकींना घासून काळ्या पडू नयेत म्हणून.
सोडवणं म्हणजे तोडणं नव्हे.
मग खोडलं. केळी कोणाला मारत नाही,
केळीला कोणी पोळ्याच्या रात्री उचलत नाही.

मतदान झालं नाही. भरीत निवत होतं.
पंगतीला आधी पुरुष, नेहमीसारखे.
आई वाढत होती, कळण्याची भाकरी मोडून मोडून.
भाऊंच्या ताटाजवळ थांबली नाही,
टाळलंही नाही.
ते उठले तेव्हा ताटाशेजारी किल्ली पडलेली होती.
ठेवली की विसरले, कोणी विचारलं नाही.
आईनं ती खरकट्यातून उचलली, धुतली,
पोलक्यात घातली, आणि पुढचं ताट वाढलं.

विषय तीन : चर्चा झाली.
एवढंच लिहून सही घेतली.

आता मंगळवारचं पान.
वर तारीख, खाली उपस्थिती.
अकरा वर्षांच्या वह्यांत ती "सौ. मेढे" आहे.
तिला विचारायला हवं
पूर्ण नाव कसं लिहू,
आणि त्यात भाऊंचं नाव मधे येतं,
ते राहू देऊ का.